पांढरीखालचे घर

वाचकहो, गोदावरीच्या, प्रवरेच्या किंवा भीमेच्या खोऱ्यातून आपण कधी प्रवास केला असेल, तर काळ्याभोर शेतांच्या मध्येच नदीच्या काठाला लागून उठलेले एखादे पांढुरके टेकाड आपल्या दृष्टीस पडले असेल. वर दोनचार बाभळी, एखादी तुटकी वाट, आणि पावसाने ढासळलेल्या कडेतून डोकावणाऱ्या खापऱ्या. जवळच्या शेतकऱ्याला विचारावे, तर तो सहज म्हणतो, “ती पांढर आहे.”

आपल्या भाषेने गावच्या भूमीची वाटणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. जेथे माणसे पिढ्यान् पिढ्या राहतात, तेथे चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, शेण, हाडे आणि केरकचरा यांचे थर एकावर एक साचत जातात आणि जमिनीचा मूळचा रंग पालटतो. वस्ती उठून गेली तरी हा रंग जात नाही. म्हणूनच महाराष्ट्रात प्राचीन वस्तीच्या शोधात निघालेल्या संशोधकाचा गावात शिरताच पहिला प्रश्न असतो, पांढर कोठे आहे? धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी किंवा शेतात पसरण्यासाठी ही माती गाड्या भरभरून नेण्याची चाल जुनी आहे. तिच्यापायी किती टेकाडे नाहीशी झाली असतील याची गणती करता येणार नाही. जी उरली, त्यांतील काहींच्या पोटातून जी माणसे प्रकाशात आली त्यांची ओळख आपणांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राचा इतिहास मौर्य आणि सातवाहन यांच्यापासून सुरू होई. त्यापूर्वी काय होते, या प्रश्नाला उत्तर नव्हते. सिंधूच्या खोऱ्यात मोहेंजोदडो आणि हडप्पा उजेडात आली होती. दख्खन मात्र दंडकारण्याच्या कथांनी झाकलेलीच होती. इ. स. १९५०-५१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी नाशिक येथे आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेरजवळच्या जोर्वे या प्रवराकाठच्या खेड्यात उत्खनन केले. जोर्वे येथे निघालेली तांबड्या पृष्ठभागावर काळी नक्षी काढलेली खापरे पूर्वी कोणाच्या फारशी परिचयाची नव्हती. या गावी तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि एक कंकणही मिळाले. पुढे तशीच खापरे नेवासे, दायमाबाद, चांडोली, प्रकाशे अशी एकामागून एक स्थळी सापडू लागली, तेव्हा ध्यानात आले की ही एका गावाची गोष्ट नव्हे. तापीपासून भीमेपर्यंत पसरलेला तो एक समाज होता. पुराणवस्तुशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे जेथे प्रथम ओळख पटली त्या गावाचे नाव त्या समाजाला मिळाले. आपण स्वतःला काय म्हणत होतो हे त्या लोकांनी लिहून ठेवलेले नाही. त्यांना लिपीच नव्हती.

या काळाला आपण ‘ताम्रपाषाणयुग’ म्हणतो. भाषांतराचे काम करणाऱ्यास अशा जोडशब्दांची धास्ती वाटते, परंतु येथे तो शब्द अगदी बरोबर बसला आहे. त्यात तांबे आधी आले असले, तरी व्यवहारात दगडच पुढे होता. तांबे दुर्मिळ आणि मोलाचे. त्याची कुऱ्हाड, छिन्नी, मासे धरण्याचा गळ, मुलाच्या गळ्यातील मणी. रोजची कापाकापी, सोलणे, कापणी ही सारी चाल्सिडनी नावाच्या चकमकीसारख्या दगडाच्या बोटाएवढ्या धारदार पात्यांनी होई. लाकडी किंवा हाडाच्या मुठीत अशी पाती ओळीने बसवली की विळा तयार. दख्खनच्या बेसाल्टात हा दगड हवा तेवढा मिळतो.

जोर्वे संस्कृतीचे भांडे एकदा हातात घेतले की पुन्हा विसरता येत नाही. चाकावर घडवलेले, उत्तम भाजलेले, बोटाने टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज देणारे. आकार थोडेच, पण ठरलेले. आत वळलेल्या कडांची आणि मध्ये ठसठशीत खांदा असलेली वाटी; पसरट तोंडाचे तोटीदार भांडे, आपल्याकडच्या झारीची आठवण करून देणारे; आणि पोटाला गोल असलेली मडकी. त्यांवर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा, जाळी, शंकरपाळ्यासारखे चौकोन. प्राणी आणि माणसे क्वचितच. कुंभार काटकसरी होता की त्याच्या गिऱ्हाइकांनाच एवढे पुरेसे वाटे, हे आता कसे कळणार? मात्र शेकडो मैलांच्या टापूत गावोगावचे कुंभार तोच खांदा आणि तीच तोटी घडवीत होते. तेव्हा या गावांमध्ये सोयरीक आणि येणेजाणे असले पाहिजे, एवढे अनुमान बिनदिक्कत करता येते.

भांड्यांवरून समाज ओळखता येतो. घर ओळखता येत नाही. घर पाहायचे तर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोडनदीच्या उजव्या तीरावर असलेल्या इनामगावला गेले पाहिजे. येथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इ. स. १९६८ पासून १९८२ पर्यंत तब्बल बारा हंगाम खणले. डॉ. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. त्यांचा सविस्तर वृत्तांत १९८८ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी एखाद्या टेकाडात विहिरीसारखा खोल खड्डा घेऊन थरांचा क्रम पाहण्याची पद्धत होती. त्याने काळ कळे, परंतु एका घरातून दुसऱ्या घरात जाता येत नसे. इनामगावी आडवे, ऐसपैस खणण्यात आले, आणि शंभराहून अधिक घरांच्या जमिनी उघड्या झाल्या. ताम्रपाषाणयुगातील एक आखे खेडे अशा रीतीने पाहावयास मिळणे ही भारतात विरळा गोष्ट होती.

वस्तीचे तीन कालखंड पडतात. इ. स. पू. १६०० च्या सुमारास पहिले लोक आले, ते माळव्याच्या वळणाची भांडी वापरणारे. नर्मदेच्या काठी महेश्वरसमोर असलेल्या नावडातोडीच्या लोकांचे ते सगोत्र. इ. स. पू. १४०० ते १००० हा जोर्वे संस्कृतीचा भरभराटीचा काळ. त्यानंतर इ. स. पू. ७०० पर्यंत उतरता काळ, ज्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

आता भरभराटीच्या काळातील एखाद्या घरात जाऊ. अर्थात भिंती उभ्या नाहीत, छप्पर नाही. मग घर दिसते कसे? खांब रोवलेला असतो तेथे लाकूड कुजून जाते आणि त्याच्या जागी भोवतालच्या मातीहून भुसभुशीत, गडद माती भरते. कुशल मजूर खुरप्याच्या टोकाने ती ओळखतो. अशा खळग्यांची रांग जोडली की भिंत कळते; चोपून आणि सारवून केलेली जमीन पायाखाली कठीण लागते; आणि जेथे ती संपते तेथे अंगण. घर साधारण पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद, काटकोनी. खाली वीतदीडवीत उंचीची मातीची भिंत, तिच्यावर कुडाचा आणि मातीच्या गिलाव्याचा आडोसा, वर गवताचे छप्पर. घरे ओळीत बांधलेली आणि दोन घरांमध्ये सुमारे दीड मीटरची मोकळी बोळ सोडलेली. आत चूल आहे. चुलीपासून थोड्या अंतरावर जमिनीत खोदून आतून लिंपलेले पेव. कोपऱ्यात कणगी ठेवण्यासाठी केलेला मातीचा गोल ओटा. आणि चार सपाट दगड, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर मांडलेले. हे दगड पाहून आरंभी कोडे पडावे. त्यांच्यावर चार पायांची धान्याची रांजणे उभी राहत. ही चार पायांची रांजणे वाचकांनी लक्षात ठेवावी. ती पुढे भलत्याच ठिकाणी भेटणार आहेत.

कूड, गिलावा, पेव, कणगी, सारवण. हे शब्द लिहिताना मला कोश उघडावा लागला नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घराचे वर्णन करण्यास आपल्या आजीचे शब्द पुरावेत, हे मला त्या उत्खननातील कोणत्याही सोन्याच्या मण्याहून अधिक नवलाचे वाटते. (सोन्याचे मणीही मिळाले आहेत.)

घरात काय शिजे? जळालेले धान्य कुजत नाही. उत्खननातील माती पाण्यात कालवली की करपलेले दाणे वर तरंगतात. ते वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या साध्या युक्तीने इनामगावचे कोठार आपल्यापुढे उघडले आहे. मुख्य पीक जव, म्हणजे सातू. गहू थोडा, भात त्याहून थोडा. कडधान्यांत मसूर, कुळीथ, वाटाणा, लाख. रानातील बोरे. गाईबैल, शेळ्यामेंढ्या पाळलेल्या होत्या, आणि कापल्याच्या खुणा असलेली हाडे सांगतात की त्या खाल्ल्याही जात. कुत्रा होता. नदीतील मासे होते. एका मडक्यावर कोणी तरी ओबडधोबड ओरखड्यांनी बैल जोडलेली गाडी काढून ठेवली आहे. चित्रकला बेताचीच, परंतु गाडी ओळखू येते.

इनामगाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. शिरूरच्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. सह्याद्रीवर ढग रिते होतात आणि इकडे उरलासुरला पाऊस येतो. अशा ठिकाणी जव आणि गहू पिकवायचा तर पाणी हाती धरले पाहिजे. उत्खननात वस्तीच्या कडेने एक कालवा आढळला आणि त्याला जोडून एक बांध, सुमारे २४० मीटर लांब आणि दोन मीटरांहून अधिक रुंद, दगडगोटे मातीत बसवून रचलेला. नदीचा पूर वस्तीवर न येऊ देता त्याचे पाणी शेताकडे वळवावे अशी ती योजना दिसते. आपल्या देशात माणसाने पाटपाण्यासाठी केलेल्या सर्वांत जुन्या कामांपैकी हे एक असावे. दगडाची पाती वापरणाऱ्यांनी, टोपल्यांनी वाहून!

एवढे काम एका घराने होत नाही. कोणी तरी माणसे बोलावली, कोणी तरी वाटा ठरवला, कोणी तरी भांडणे मिटवली. वस्तीच्या मध्यभागी एक घर इतरांहून वेगळे आहे. त्याला पाच खोल्या आहेत आणि त्याला लागूनच एक वास्तू आहे, जिच्यात पेवांवर पेवे आणि कणग्यांचे ओटे, परंतु राहण्याच्या खुणा नाहीत. ते सार्वजनिक कोठार असावे आणि पाच खोल्यांचे घर गावप्रमुखाचे, असा उत्खननकर्त्यांचा तर्क आहे. कुंभार, सोनार, चुना भाजणारा असे कारागीर मात्र वस्तीच्या पश्चिम कडेला राहत. या मांडणीवरून उच्चनीचतेचा मोठा डोलारा उभारण्याचा मोह होतो. मला तो थोडा आवरावासा वाटतो. भट्टीचा धूर कोणाला दाराशी नको असतो, हेही कारण पुरे आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे घर आपणांस दाखवावेसे वाटले तिच्याकडे वळतो. इनामगावचे लोक आपल्या मृतांना गावाबाहेर नेत नसत. चूल, पेव आणि कणगी यांच्यामध्ये, ज्या जमिनीवर रात्री अंथरूण घातले जाई, त्याच जमिनीत खड्डा करून ते त्यांना ठेवीत आणि वरून पुन्हा सारवीत. प्रौढ मनुष्य उताणा, डोके उत्तरेकडे आणि पाय दक्षिणेकडे. उत्तरेला डोके करून झोपू नये असे आपल्याकडे घरोघर सांगतात. ती चाल आणि ही चाल यांचा धागा एकच, असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण वाचताना मनात ते आल्याशिवाय राहत नाही.

प्रौढांच्या सांगाड्यांना पावले नाहीत. घोट्याखालचा भाग तोडून मग त्यांना पुरलेले आहे. नेवासे येथेही असेच आढळले आणि चांडोली येथेही. मृताने उठून चालू लागू नये, घर सोडून जाऊ नये किंवा घरच्यांना येऊन छळू नये, अशी काही समजूत त्यामागे असावी. भुताचे पाय उलटे असतात असे आपल्या खेड्यांत म्हणतात; पाय हा परलोकातल्यांचा काही तरी महत्त्वाचा अवयव आहे खरा. परंतु भय आणि माया या दोहोंपैकी कोणती भावना त्या कुऱ्हाडीमागे होती? माझे मन मायेकडे झुकते. ज्याची धास्ती वाटते त्याला कोणी आपल्या अंथरुणाखाली ठेवीत नाही. उशाशी पाण्याची तोटी आणि अन्नाची वाटीही ठेवीत नाही.

तरीही प्रौढांची दफने थोडी आहेत. अधिक आहेत ती मुलांची. मूल गेले की दोन मडकी घेत, बहुधा राखी रंगाची, जाडसर, हाताने घडवलेली. मुलाला त्यांत ठेवून दोन्ही मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवीत आणि ती जोडी जमिनीतील खड्ड्यात आडवी निजवीत. शेजारी एक वाटी, एक तोटीचे भांडे. काही खड्ड्यांतील मुले जन्मून फार दिवसही झालेले नव्हते. एकेका घराच्या जमिनीखाली अशा मडक्यांच्या जोड्या एकाहून अधिक सापडतात, आणि मग त्या सारवलेल्या जमिनीकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलते. त्या घरातील स्त्री जव दळीत बसली असताना आपली मुले कोठे आहेत हे तिला नेमके ठाऊक होते. काही अंगणात खेळत होती, काही हातभर खाली होती.

नेवासे हे नाव मराठी वाचकाच्या मनात ज्ञानेश्वरांशी जडलेले आहे. तेथेच प्रवरेच्या काठी १९५४ पासून झालेल्या उत्खननात अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तीन हजार वर्षे दोरा टिकत नाही. परंतु तांब्याचा गंज झिरपून मण्यांच्या छिद्रांतील धागा तेवढा वाचला. तपासणीत तो रेशीम आणि कापूस यांचा निघाला. चांडोलीच्या तशाच मण्यांतील धागा जवसाच्या वाखाचा होता. इतर वेळी ज्या तांब्याची कुऱ्हाड किंवा छिन्नी करायची, ते तांबे बहुधा दूर राजस्थानातून हस्ते परहस्ते आलेले असे. ते मुलाच्या गळ्यात घालून त्याच्याबरोबर जमिनीत जाऊ देणे म्हणजे काय, हे सोन्याचा भाव ठाऊक असलेल्या आपल्या गृहिणींना अधिक उलगडून सांगावयास नको.

या मातांनी कोणाला नवस केला असेल? एका घरात जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणासह एक पेटी ठेवलेली होती. तिच्यासोबत स्त्रीमूर्ती आणि बैल होते, तेही न भाजलेल्या मातीचे. त्यांतील एका मूर्तीला शिर नाही. ते तुटलेले नाही, केलेलेच नाही. तिच्या पोटाला एक छिद्र आहे आणि बैलाच्या पाठीवर एक. दोन्हींतून काडी घातली की देवी बैलावर आरूढ होते. शिरविरहित मातृदेवता आपल्या देशात पुढेही दीर्घकाळ पूजिल्या गेल्या आहेत, लज्जागौरी त्यांतलीच. न भाजलेली मूर्ती कायमची ठेवण्यासाठी नसते. काही विधीपुरती करावी आणि मातीत मिळवावी, पार्थिव गणपतीसारखी. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते असे मानणाऱ्या मायबहिणींना ती पेटी परकी वाटणार नाही, असे मला वाटते.

आता त्या चार पायांच्या रांजणाकडे. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात कच्च्या मातीचे असे एक रांजण पुरलेले होते. सुमारे ऐंशी सेंटिमीटर उंच, पोट फुगीर, खाली चार पाय. त्यात धान्य नव्हते. चाळिशीच्या सुमाराचा एक पुरुष त्यात पाय दुमडून बसवलेला होता. आणि त्याची पावले शाबूत होती. आईच्या उदरात गर्भ असतो तसा तो बसवला आहे आणि रांजणाचे फुगीर पोट म्हणजे तेच उदर, असे उत्खननकर्त्यांना वाटले. त्याच्यासोबत ठेवलेल्या भांड्यांपैकी एकावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली आहे. घोडनदी उन्हाळ्यात गुडघाभरही नसते. ती नाव कोणत्या पाण्यावरची, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याच जागी अधिक खोल खणता दुसरे तसेच रांजण निघाले, आधीच्या पिढ्यांचे. ते रिकामे होते. कदाचित गावाबाहेर कोठे तरी मेलेल्या, देह हाती न लागलेल्या कोणा कर्त्या पुरुषासाठी ते पुरले असेल. चालते पाय फक्त गावच्या प्रमुखालाच ठेवू देत असत काय? पुरावा इतका थोडा आहे की प्रश्नाचे चिन्ह पुसण्याचे धाडस होत नाही.

प्रवराकाठच्या दायमाबादचा येथे ओझरता उल्लेख पुरे. १९७४ साली तेथील एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार भरीव धातुमूर्ती मिळाल्या. बैल जोडलेला रथ आणि त्यात उभा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्या नेमक्या कोणत्या काळच्या यावर विद्वानांत एकमत नाही. त्यांच्या तेजाने डोळे दिपतात, म्हणूनच मी आपणांस इनामगावच्या चुलीपाशी अधिक वेळ बसवले.

इ. स. पू. १००० च्या सुमारास काही तरी बिघडले. तापी, गोदावरी आणि प्रवरा यांच्या खोऱ्यांतील जोर्वे गावे एकामागून एक ओस पडली. भीमेच्या खोऱ्यात इनामगावसारख्या थोड्या वस्त्या तग धरून राहिल्या, आणखी सुमारे तीनशे वर्षे. पण घरे पाहावीत. ओळीतील काटकोनी घरे गेली. त्यांच्या जागी जेमतेम तीन मीटर व्यासाच्या गोल झोपड्या आल्या, तीनतीन चारचार एका अंगणाभोवती गोळा झालेल्या. पुष्कळ झोपड्यांत पेवच नाही. ज्याच्याजवळ साठवायला नाही त्याला पेव कशाला? भांडी ओबडधोबड झाली, नक्षी आटली. जव आणि गहू कमी झाले. कचऱ्यातील हाडांत गाईबैलांचे प्रमाण घटले आणि हरणांचे वाढले. अंगणे आणि गोल झोपड्या पाहून डॉ. ढवळीकरांना आजच्या भटक्या मेंढपाळांच्या तात्पुरत्या पालांची आठवण झाली. शेतकरी पुन्हा अर्धा शिकारी आणि फिरता मेंढपाळ झाला, असे त्यांचे निदान होते, आणि कारण पावसाचे सतत घटत गेलेले मान.

हे निदान दीर्घकाळ मान्य होते. पुढे त्याच मुलांच्या हाडांनी त्यात थोडा बदल करावयास लावला. मुलांच्या दातांवरून त्यांचे वय कळते आणि हातापायांच्या हाडांच्या लांबीवरून वाढ. दोन्ही ताडून पाहता उत्तर काळातील मुलांची वाढ वयाच्या मानाने खुंटलेली दिसते. अमेरिकन संशोधिका ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही मुले केंद्रस्थानी ठेवली आहेत. पाऊस एकाएकी दगा देऊन गेला असे मानण्यास पुरेसा आधार नाही, असे त्यांचे म्हणणे. मुळातच बेताच्या पावसाच्या प्रदेशात माणसांनी शेते आणि राने यांचा पिढ्यान् पिढ्या जो उपसा केला त्याचाही हा परिणाम असू शकतो. कोणते कारण किती, हा वाद तज्ज्ञांनी चालवावा. दोन्ही पक्षांचा साक्षीदार मात्र एकच आहे, मडक्यांच्या जोडीत आडवे निजलेले मूल.

आणि एक गोष्ट त्या उतरत्या तीनशे वर्षांतही बदलली नाही. कोठार रिते झाले, काटकोनी घराची गोल झोपडी झाली, कुंभाराचा हात जड झाला. तरी मूल गेले की दोन मडकी आणून त्यांची तोंडे भिडवली जात होती, आणि शेजारी वाटी ठेवली जात होती. त्या वाटीत घालण्यासाठी घरात मूठभर जव होते की नाही, हे खापर सांगत नाही.

इ. स. पू. ७०० च्या सुमारास एका हंगामात, किंवा काही हंगामांत थोडे थोडे करून, इनामगावच्या शेवटच्या झोपड्या रिकाम्या झाल्या. कोणी जाळपोळ केल्याच्या, लढाईच्या खुणा नाहीत. चुली थंड झाल्या, छपरे बसली, गवत उगवले. बाजूच्या काळीत पुढे दुसऱ्यांचे नांगर चालू लागले, आणि नदीकाठी ती पांढर उरली.